हेळव्याच्या चोपडीतली चिमा

वेशीतल्या या चिऱ्यावर शेजारी शेजारी दोन खळगे आहेत ना, ते बैलाच्या गुडघ्यांचे, असे सांगतात. तुम्ही नवरा-बायको घराण्याची मुळं शोधत आलात, सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून अकरा पिढ्या जुळवल्यात. छंद चांगला आहे. पण तुमच्या तक्त्यात बाप आणि मुलगा, बाप आणि मुलगा, एवढंच दिसतं. म्हणून तुम्हाला थांबवलं.

आमच्याकडे हेळवी येतो. बैलावर बसून दारोदार जायचं, चोपडीतून त्या घराच्या पिढ्या वाचायच्या आणि सूपभर धान्य घ्यायचं, हा त्याचा धंदा. फार पूर्वी या वेशीजवळ तुंगव्वा नावाची विधवा राहायची, म्हणे. तिच्या दारात हेळव्याने सासऱ्यापासून मुलापर्यंत सगळी नावं वाचली आणि चोपडी मिटली. तुंगव्वाने धान्याचं सूप खाली ठेवलं. तिची चिमा आदल्या वर्षी देवीच्या साथीत गेली होती. तिचं नाव कुठे आहे, असं तिने विचारलं. पोरी दुसऱ्याच्या घरच्या, त्या आम्ही लिहीत नाही, असं हेळवी म्हणाला.

"सात वर्सांची गेली माझी चिमा," तुंगव्वा म्हणाली. "तिला सासर कुठलं? मग ती कुणाच्या चोपडीत हाय?"

गावचे पंच जमले, त्यांनी दटावलं ते तिलाच. हेळवी रित्या हाताने गेला तर गावाला अपशकुन, म्हणाले. स्वतःच्या सात पिढ्या तोंडपाठ असलेले हे शहाणे, आणि एका पोरीच्या नावापुरती शाई यांच्याच्याने सुटेना! सांगतानासुद्धा चीड येते मला.

हेळवी तणतणत निघाला, तर वेशीत बैलाने गुडघे टेकले. ओढलं, मारलं, कडबा दाखवला, तो हलला नाही. तुंगव्वाही त्याच्यासमोर उपाशी बसली. तिसऱ्या दिवशी हेळव्याने चोपडीत चिमाचं नाव लिहिलं, मोठ्याने वाचलं, तेव्हा बैल उठला.

आजही हेळवी धान्य घेण्याआधी विचारतो, कुणी पोर लिहायची राहिली का? गेल्या वर्षी माझा मुलगा बेधडक नाही म्हणाला. माझं डोकंच फिरलं. माझी थोरली बहीण गौरा मला कडेवर घेऊन हिंडायची. नवव्या वर्षी तापाने गेली. पण मुलाला काय बोलणार? घरात तिचा विषय नको म्हणून माझा बाप दरवर्षी नाही म्हणायचा, आणि त्याच्यामागे चाळीस वर्षं मीच नाही म्हणत आलो होतो. उठलो, तिचं नाव चोपडीत लिहायला लावलं. हेळव्याने ते पुटपुटत वाचलं.

"मोठ्यानं वाच," मी म्हणालो.