दिलेला हात

"अजून किती दिवस बाहेर बसवणार मला, वस्ताद?"

तालमीच्या दारात उभ्या उदाजीनं विचारलं. वय सोळा. मिसरूड फुटायच्या आधीच गावोगावच्या मैदानांत नाव झालेलं.

हिंदुराव वस्ताद कुस्तीच्या हौद्यातली माती फावड्यानं खालीवर करत होते. ते थांबले नाहीत.

"मुद्दाम नाही मोडला मी मुबारकचा हात. राग आला... स्वभावच तापट आहे माझा. आमच्या घरात सगळेच तसले."

"जत्रेत पंचानं तुझ्याविरुद्ध निकाल दिला. तेव्हा कुठं गेला होता स्वभाव?"

"ते... पंच होते. मोठी माणसं."

"मग बराच शहाणा आहे की स्वभाव. माणूस बघून तापतो."

उदाजी दाराची चौकट नखानं खरवडू लागला.

"मुबारकनं तुला चीत केलं. पुढं?"

"सगळी पोरं हसली."

"तो हसला?"

"...नाही."

"काय केलं त्यानं?"

"हात दिला. उठायला."

पाडणाऱ्यानंच पडलेल्याला हात द्यायचा, हा त्या तालमीचा नेम होता. तोच हात उदाजीनं धरून पिरगळला होता.

वस्तादांनी फावडं बाजूला ठेवलं आणि ते सावकाश मातीत उताणे झाले.

"उठव मला."

"वस्ताद, तुमचे गुडघे..."

"म्हणून तर म्हणतो, उठव. बघ झेपतंय का. तुमच्या सगळ्यांच्या घरचं खाऊन वजन वाढलंय."

उदाजी हौद्यात उतरला. त्यानं म्हाताऱ्याचा हात धरला, दुसरा हात कोपराखाली घातला आणि झोपलेलं मूल उचलावं तसं हलकेच त्यांना उभं केलं. मग तो त्यांच्या पाठीवरची माती झटकू लागला. झटकता झटकता त्याचा हात थांबला.

"येतंय की तुला," वस्ताद म्हणाले.

उदाजीनं फावडं उचलून भिंतीला लावलं.

"मुबारक परत येईल ना, वस्ताद?"

वस्तादांनी भिंतीवरच्या रिकाम्या खुंटीकडं पाहिलं.

"काल त्याचा बाप लंगोट घेऊन गेला."

उदाजी खाली बसला. पुष्कळ वेळानं उठला.

"मी जातो त्याच्याकडं."

"जा."

दारात जाऊन तो वळला.

"काय बोलू?"

"बोलू नकोस काही. बस त्याच्यासमोर. आणि हात तू पुढं करू नकोस... त्यानं केला, तर धर."