आक्काचा हुंकार

“आणि ऐकलं कोणी?” नागनाथबुवांनी विचारलं.

विश्वंभर आणलेल्या पोथीचं बासन सोडत होता. प्रश्नाचा रोख त्याला कळला नाही.

“वाचलंस तू. ऐकलं कोणी?”

“मी मनात वाचतो, बुवा. मनात वाचलं की लवकर होतं.”

 बुवा मठाच्या ओसरीवर बसून वाळलेला कडुनिंबाचा पाला निवडत होते. कसर लागू नये म्हणून तो पोथ्यांत घालायचा असतो. मंगळवारची सकाळ होती. आत कोणीतरी ताक घुसळत होतं.

जिल्ह्याच्या गावातल्या वाचकमंडळानं त्या वर्षी एक आव्हान काढलं होतं. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत जुनंच वाङ्मय वाचायचं, प्राचीन आणि मध्ययुगीन. बाकीची मंडळी छापील पुस्तकांवर भागवत होती. विश्वंभर कॉलेजात मराठी शिकवणारा. छापलेलं काय, कोणीही वाचेल, असं तो भर बैठकीत म्हणाला होता. आपण बुवांच्या मठातलं पोथ्यांचं कपाटच संपवू. बुवा एका वेळी एकच पोथी घरी नेऊ देत. आज तो शेवटची न्यायला आला होता.

मठाची रीत वेगळी होती. तिथे पोथी एकट्यानं वाचत नसत. समोर निदान एक माणूस हवा, आणि ओवी संपली की त्यानं ‘हूं’ म्हणायचं. हुंकार आला नाही तर वाचणाऱ्यानं पुढं जायचं नाही. पहिल्याच दिवशी बुवांनी हे सांगितलं, तेव्हा विश्वंभर हसला होता. अशानं जन्म जाईल, म्हणाला होता.

“घरी बहीण आहे ना तुझी?”

“आक्का. आहे की. पहिली पोथी तिलाच वाचून दाखवत होतो. डोळे गेलेत तिचे, तिला बरं वाटायचं. पण मोठ्यानं वाचत बसायचं म्हणजे...”

“मग?”

“अर्ध्यावर सोडलं. उरलेली मनात वाचून काढली.”

“तिनं काय केलं?”

विश्वंभर जरा ओशाळून हसला. आक्काची खोड सांगू लागला. त्याच्या वाचायच्या खोलीच्या दाराशी ती येऊन बसायची. आत पान उलटल्याची सळसळ झाली की तिकडून ‘हूं’ म्हणायची. एक अक्षर कानावर पडलेलं नसताना. पोथी बदलली तरी तिचं चालूच. शेवटी त्यानं सांगून टाकलं, आक्का, मधे मधे हूं करू नकोस, माझं लक्ष जातं.

“मग?”

“मग नाही केलं.”

बुवांचा हात पाल्यातच थांबला.

“गुरं मोजून गोठ्यात घालावीत तसं वाचतोस रे तू,” ते म्हणाले. उठले, आत गेले आणि शेवटची पोथी आणून त्याच्या हातात दिली.

ती हातात असतानाच फोन वाजला. शेजारचे घोडके होते. आक्का दाराशी बसल्या होत्या, चहा घेऊन गेलो तर...



“कोणत्या दाराशी?” विश्वंभरनं विचारलं. उत्तर ऐकलं, आणि पुन्हा तेच विचारलं.

पोथी काखेत तशीच घेऊन तो गेला. सुतकात पोथीला हात लावत नाहीत, म्हणून ती घोडक्यांच्या फडताळात राहिली.

तेरावा झाल्यावर तो ती घेऊन मठात आला. पाडवा तोंडावर आला होता, पण त्यानं आव्हानाचं नाव काढलं नाही.

“बुवा, ही रीतीनं वाचायची आहे. तुम्ही ऐका.”

बुवा समोर येऊन बसले. भिंतीला टेकलेसुद्धा नाहीत.

विश्वंभरनं पहिली ओवी वाचली. थांबला.

...

पुन्हा तीच ओवी वाचली, सावकाश, आक्कापुढं वाचायचा तशी. बुवा त्याच्याकडे बघत होते. त्यांना चांगलं ऐकू येत होतं.

तिसऱ्यांदा वाचली.

“हूं म्हणा, बुवा.”

...

“एकदाच म्हणा.”

बुवांनी त्याच्या पुढ्यातली पानं गोळा केली, दोन फळ्यांमध्ये ठेवली, बासनात बांधली. आत जाऊन दुसरी पोथी घेऊन आले. विटलेल्या हिरव्या कापडावरून विश्वंभरनं ती लगेच ओळखली. पहिली होती.

“तिनं कुठवर ऐकली?”

त्याला पान शोधावं लागलं नाही.

“राजा राज्य टाकून निघतो. चालत वेशीत येतो. तिथे थांबून मागं बघतो... तिनं विचारलं होतं, गेला का रे तो? मी म्हटलं, सांगतो नंतर.”

बुवांनी बासन सोडलं नाही. बांधलेल्या पोथीवर दोन्ही हात ठेवले.

“राजा अजून वेशीतच उभा आहे,” ते म्हणाले.