दोन शेंड्यांचा माड

एकदा एका खाडीच्या तोंडाशी एक वृद्ध तांडेल राहत असे. दूरदेशीच्या गलबतांना पाण्याखालच्या खडकांतून वाट दाखवून बंदरात आणणे, हा त्याचा वंशपरंपरागत व्यवसाय. धाकू हा त्याचा शिष्य. देवळाचा कळस आणि तांडेलाच्या दारातला दोन शेंड्यांचा माड एका रेषेत आले की सुकाणू वळवायचे, एवढे धाकूला पाठ होते. तेवढ्यावर स्वारी स्वतःला तांडेल समजू लागली होती.

एका वर्षी गलबतातून आलेल्या टोपीकर गोऱ्यांच्या कारकुनाने गोडीगुलाबीने वाटेची खूण विचारली. या शहाण्याने ती सांगून टाकली. कारकुनाने नकाशात माड काढला आणि बक्षीस म्हणून एक आरसा दिला.

आरशाची हकीकत ऐकताच तांडेलाने कुऱ्हाड उचलली आणि आपल्या बापाने लावलेला तो माड बुंध्यापासून तोडला. धाकूचे डोकेच फिरले.

"काका, वेड लागलं का तुम्हाला? आपल्या होड्या खडकावर फुटतील!"

"फुटतील त्या तुझ्यासारख्यांच्या!" तांडेल कडाडला. "शेजारच्या बंदराची वाट अशीच कागदावर गेली. पुढच्या वर्षी हेच टोपीकर न विचारता आत शिरले आणि किनाऱ्यावरची घरं जाळली. व्यापाराला माझी ना नाही. त्यांनी यावं, आपणही जावं. पण वाट विचारावी लागते तोवर माणूस पाहुणा असतो. विचारायची गरज सरली, की तोच मालक होऊन बसतो!"

"मग आता वाट ओळखायची कशी?" धाकूचा आवाज खाली आला होता.

तांडेलाने त्याला होडीत बसवले. मेण लावलेला शिशाचा गोळा दोरीने तळाशी सोडला, वर ओढला आणि मेणाला चिकटलेला गाळ धाकूच्या बोटांवर चोळला.

"हा चिकट, म्हणजे खोल पाणी. खरखर लागली की खडक जवळ. माझ्या बापानं हे आधी शिकवलं, माड मागाहून. मी आळस केला. तुला सोपं तेच आधी दिलं. माझाच मला संताप येतोय."

वर्षभर धाकू गाळ चिवडत राहिला. बोटांना भेगा पडल्या.

पुढल्या हंगामात टोपीकरांचे गलबत आले आणि खाडीबाहेर अडकून पडले. कप्तान दुर्बिणीतून माड शोधत होता. शेवटी त्याने नांगर टाकला आणि वाटाड्या हवा म्हणून निशाण चढवले. धाकू वाटेत गोळा सोडत, गाळ चाचपत होडी घेऊन गेला. कप्तानाने टोपी काढून विचारले, "आत येऊ का?"

कारकून कागद घेऊन पुढे सरसावला. "आता कोणती खूण?"

धाकूने गाळाने माखलेला हात त्याच्यापुढे धरला. "लिहा," तो म्हणाला.