टिटवीचा डोंगर

लई जुनी गोष्ट. गोऱ्या साहेबाची मोजणीची साखळी एका सपाट माळावर आली. ती जिथनं सरपटायची तिथनं नकाशात रेघ पडायची, अन् रेघेवरनं सडक जायची. नकाशे साहेब विलायतेत विकायचा.

साखळी नीट सरळ चालली होती. तेवढ्यात समोर एक टिटवी पंख फरफटत ओरडली, "मेले गं बाई, पंख मोडला!"

साखळीला कळवळा आला. ती वळून तिच्यामागं गेली. बरंच लांब नेऊन टिटवी भुर्रकन उडाली.

"सटवे, फसवलंस! रेघ वाकडी झाली की. आता माघारी जाऊन सरळ करते."

टिटवी खाली उतरली. "कर बाई. पण तिथं खड्यांत माझी चार अंडी हायेत."

साखळी जागीच वेटोळं घालून बसली. मग ती हळूच म्हणाली, "साहेबाला काय सांगू?"

"मधी डोंगर लागला म्हणावं."

"अगं, या माळावर डोंगर?"

"त्यो कुठं बघायला येतोय? तंबूत च्या पितोय."

साखळी खुळखुळून हसली, अन् वाकडीच पुढं गेली.

नकाशा छापला, खपला. शहाणी माणसं अजून तो डोंगर हुडकत येतात. सडक त्याला वळसा घालून जाते, अन् टिटव्या तिथंच अंडी घालतात.