विणकर आणि चावडीवरची पाटी

फार जुनी गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी विणकरांचं एक गाव होतं. गावातले सगळे माग आवडाई नावाच्या कारागीर बाईने जुळवून दिलेले. म्हातारपणी ती डोंगरावर लेकीकडे राहायला गेली. जाण्याआधी तिने माग का अडतो आणि तेव्हा काय करायचं, हे सगळं एका लाकडी पाटीवर लिहून चावडीत लावलं. खाली लिहिलं, ‘आधी हे करून बघा. नाही जमलं तर मला बोलवा.’

गावात भिवबा नावाचा विणकर होता. हात सफाईदार, लिहिता-वाचता येणारा. पण माग जरा कुरकुरला की डोंगरावर निरोप जाई, “माग बंद. लवकर या.”

आवडाई काठी टेकत खाली येई. एकदा आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात दोरा गुंतला होता. एकदा पायाखालची दोरी सुटली होती. तिसऱ्यांदा पाहते तर काय, धोट्यातलं सूतच संपलेलं!

“भिवबा, पाटी वाचलीस का रे?”

“केवढी मोठी पाटी ती, आवडाई! तुम्हाला विचारलं की लगेच कळतं.”

“लगेच? मला उतरायला अर्धा दिवस लागतो!”

“लागू द्या की. मी थांबतो.”

म्हातारीने कपाळावर हात मारला. चौथ्या खेपेला माग अडकवून ठेवणारी खुंटी काढायची राहिली होती, तेवढंच. ती काढून आवडाई रागारागाने निघाली आणि चढणीवर तिचा पाय मुरगळला. महिनाभर अंथरूण धरावं लागलं.

तेवढ्यात देवीची जत्रा आली. देवीचं वस्त्र विणायचं होतं सगुणा विणकरणीला, आणि पालखीवरचं छत भिवबाला. जत्रेला आठ दिवस उरले असताना दोघांचेही माग अडले. दोघांनी डोंगरावर जाणाऱ्या एका लाकूडतोड्याबरोबर निरोप पाठवले.

सगुणेचा निरोप होता, “कापड गुंडाळायचा दांडा उजवीकडे तडकलाय. पाटीत सांगितल्यासारखी पाचर मारली, चामड्याने आवळला. तरी ताण धरत नाही.”

भिवबाचा होता, “माग बंद. लवकर या.”

आवडाईने पडल्या पडल्या सगुणेला कळवलं, “चामडं भिजवून आवळ. सुकलं की घट्ट बसेल.” दुसऱ्या दिवशी सगुणेचा माग सुरू झाला.

भिवबाला उत्तर गेलं, “अरे बाबा, बंद म्हणजे काय? कुठे अडलंय? काय काय करून पाहिलंस?”

भिवबा फुरंगटला. “साधं विचारलं, तर उलट मलाच प्रश्न!” तो वाट बघत बसला. एक दिवस गेला, दोन गेले, पाच गेले. सहाव्या दिवशी नाइलाजाने चावडीत गेला. त्याच्या मागाचं दुखणं पाटीच्या तिसऱ्याच ओळीत होतं. घटकाभरात माग चालू झाला. पण छत अर्धंही झालं नाही.

जत्रेच्या दिवशी देवी नव्या वस्त्रात सजली, पण पालखी उघडी, रणरणत्या उन्हात निघाली. सगळे नुसते भिवबाकडे बघत राहिले.

संध्याकाळी तो डोंगर चढून गेला आणि आवडाईच्या पायाशी बसला. “चुकलो, आवडाई. माझ्यामुळे तुमचा पाय…”

“पाय होईल रे बरा,” आवडाई म्हणाली. “पण ते पाच दिवस तुला मी कुठून आणून देऊ?”

तात्पर्य एवढंच: जे आपलं आपल्याला शोधता येतं, ते आधी शोधावं. तरीही अडलं, तर काय करून पाहिलं ते सांगून मदत मागावी.