साहेबांचं रेकॉर्डिंग

नववीची मुलं दर शनिवारी मोबाइलवर इंग्रजी पॉडकास्ट करत. कुणी गावच्या नळावर बोले, कुणी आजोबांच्या बैलांवर. तपासणीला आलेले खापर्डे साहेब ते ऐकून आणि एकेक भाग कितीदा रेकॉर्ड होतो हे कळल्यावर भडकलेच. "एका भागासाठी अकरा वेळा रेकॉर्डिंग? आधी शुद्ध इंग्रजी पाठ करा, मग तोंड उघडा!" शेरेबुकात त्यांनी 'पॉडकास्ट बंद करावा' असं लिहूनही टाकलं.

इंग्रजी शिकवणाऱ्या वळवी बाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागच्या बाकावरची तेजल उठली.

"साहेब, शेवटच्या भागात तुम्हीच दोन शब्द बोला ना. इंग्रजीतून."

साहेब खूश झाले. मोबाइल पुढे ओढून बोलू लागले आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळले. "पुसून टाक, परत घे." दुसऱ्यांदा ठसका लागला. तिसऱ्यांदा शब्दच आठवेना. चौथ्यांदा मात्र असे झकास बोलले की वर्गाने टाळ्या वाजवल्या.

"जमलं की नाही?" साहेबांनी घाम पुसत विचारलं.

"एकदम मस्त, साहेब! पण तुमच्यासारख्या मोठ्या माणसाला चार वेळा बोलावं लागलं, मग आम्हाला अकरा वेळा लागलं तर काय बिघडलं?"

साहेब हसले, शेरेबुक मागवलं, लिहिलेली ओळ खोडली आणि शेराही दुसऱ्यांदा लिहायला घेतला.