दोन पाय कमी

"आठवड्यातनं दोन दिवस सुट्टी? आणि तीही लोहारांना?" राजा दुर्जयराव सिंहासनावरून अर्धा उठला. "उद्या घोडे म्हणतील, आम्हालाही द्या!"

दरबार खो खो हसला. हसले नाहीत ते फक्त दाराशी उभे असलेले लोहार आणि त्यांची मागणी घेऊन पुढे आलेली हौसा. राजाच्या नालांच्या कारखान्यात ती भाता ओढायची. वीस भट्ट्या, वीस लोहार, आठवड्याला दोन हजार नाल. घोडदळाला एवढे नाल लागत नव्हते, पण ढीग पाहिला की राजाला बरं वाटे. महिन्याकाठी सुट्टी एकच, अमावास्येची. त्या दिवशी लोहार ऐरणीला हळदकुंकू वाहत आणि जेवून जे आडवे होत ते दुसऱ्या दिवशीच उठत.

"म्हाराज," हौसा म्हणाली, "माझी तीन वर्सांची पोर शेजारणीला आई म्हनती. आन मला काय म्हनती ठावं हाय? 'ती भाकरी थापाया येती ती बाई!'"

हे बोलताना तिने पदराने डोळे पुसले. तिला त्याचा रागही आला, कारण रडायला ती आली नव्हती.

राजाला नाही म्हणायचंच होतं, पण नुसतं नाही म्हणण्यात त्याला मजा येत नसे. तो म्हणाला, "ठीक! सात दिवसांचे दोन हजार नाल पाच दिवसांत करून दाखवा. माणूस वाढवायचं नाही. सूर्य मावळला की भट्टी बंद. जमलं तर दोन दिवस तुमचे. एक नाल जरी कमी भरला, तर अमावास्येची सुट्टीसुद्धा गेली!"

कारखानीस बापूजीपंतांनी कपाळाला हात लावला. लोहारांनी तर हौसाकडे असं पाहिलं, की भट्टी नसती तरी लोखंड वितळलं असतं.

"कबूल!" हौसा म्हणाली. "पर म्हाराज, एक भ्या वाटतं. आमी जिंकलो तर लोक म्हनतील, लोहारांनी भायेरनं नाल आनलं, म्हाराजांना फशिवलं!"

"आम्हाला? फसवणार?" राजाच्या मिशा थरथरल्या.

"म्हून म्हनते, दारावर पहारा पायजे. आन आपल्यावानी डोळा दुसऱ्या कुनाचा हाय? आपुनच भायेर बसा. सकाळी आमाला मोजून आत सोडा, सांजंला मोजून भायेर काढा. मधी चिटपाखरूबी आत जाया नगं!"

लबाडी पकडण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी राजाची पक्की समजूत होती. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दाराशी शामियाना लागला. राजाने स्वतः लोहार मोजले, प्रत्येकाच्या पागोट्यात बोट घालून पाहिलं आणि दार लावून किल्ली कमरेला खोचली. आत ठणठण सुरू झाली, बाहेर राजाने माशा हाकलायला सुरुवात केली.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी राजाला आत जाऊन पाहिल्यावाचून राहवेना. त्याने खूण केली, शिंगवाल्याने शिंग ओठाला लावलं, चोपदार सरसावले. दाराची कडी वाजताच आतून हौसाने फटीला तोंड लावलं.

"म्हाराज, खुशाल या! फकस्त उद्या कुनी म्हनलं, की म्हाराजांनीच अंगरख्यातनं चार नाल आत नेलं, तर आमी काय सांगायचं?"

राजाने झटकन कडी सोडली. शिंगवाल्याने छातीत भरलेला श्वास तसाच मुकाट्याने बाहेर सोडला.

सहाव्या दिवशी सकाळी मोजदाद झाली. बापूजीपंतांनी दोनदा मोजलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा मोजलं. दोन हजार बारा!

"कशी केलीस ही जादू?" राजा ओरडला. "दार तर आमच्या डोळ्यांसमोर होतं! हात वाढवलेस तरी कुठून?"

"हात येकबी वाढवला न्हाई, म्हाराज. दोन पाय कमी केलं."

"कुणाचे?"

बापूजीपंतांनी डोळे मिटले.

"आपलं!" हौसा म्हणाली. "आपुन दिसातनं तीनदा कारखाना बघाया येता. शिंग वाजलं की इसाच्या इसांनी घन खाली ठेवायचा, हात धुवायचं, पागोटं बांधायचं, रांगेत हुबं ऱ्हाऊन मुजरा करायचा. तवर लालबुंद लोखंड काळं ठिक्कर! आपुन गेलात की पुन्यांदा भाता, पुन्यांदा ताव. दोन घटकांनी कुटं पयला घाव पडतो. आन आपुन इचारता काय? 'काम चाललंय ना?' आमी म्हनतो, 'व्हय म्हाराज, चाललंय!' आवं, दिवसभरात तेवढाच येळ तर ते बंद असतंय!"

 राजाचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा.

"म्हणजे आम्ही यायचंच नाही?" त्याने दरडावून विचारलं. "मग आम्ही दिवसभर करायचं तरी काय?"

"आपुनबी सुट्टी घ्या की!" हौसा म्हणाली. "आमाला दोन दीस लई झालं. आपुन सातबी घ्या, म्हंजी समदं राज्य कसं झपाट्यानं चालंल!"

 मग राजाच्या पोटातून काहीतरी गडगडत वर आलं आणि तो असा हसत सुटला, की त्याच्या डोक्यावरचा मंदिल नालांच्या ढिगावर जाऊन पडला. तो पाहून शिंगवाला हसला, लोहार हसले आणि बापूजीपंतांनी डोळे उघडले.

"दोन दिवस दिले!" राजा डोळे पुसत म्हणाला. "आजपासूनच! आणि हौसा, तुला सोन्याच्या पाटल्या. उद्या दरबारात येऊन घेऊन जा!"

"उद्या?" हौसा निघता निघता वळली. "उद्या आमची सुट्टी हाय, म्हाराज. घरी धाडून द्या!"

राजा पुन्हा हसत सुटला आणि दुसऱ्या दिवशी पाटल्या घेऊन स्वतःच तिच्या दारात हजर झाला. शिंग न वाजवता!